उमेदवाराचा बाप

परीक्षा या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे. मी बार्शीचा. दहावीत बरे गुण पडले हे कळल्याबरोबर वडिलांनी माझी वळकटी बांधली आणि मला लातूरला नेऊन ठेवलं. नव्वदच्या दशकातलं लातूर. गुणवत्ता यादीत तिथली नावं ओळीनं झळकायची आणि ‘लातूर पॅटर्न’ हे शब्द उभ्या महाराष्ट्रातले बाप हात जोडून उच्चारायचे. पहाटे चारला उठायचं, प्रश्नसंच सोडवायचे, क्लासला जायचं, कॉलेजला जायचं, पुन्हा क्लासला जायचं आणि रात्री झोपेत आवर्त सारणी बडबडायची. या खटाटोपातून मला किती टक्के मिळाले हे इथे महत्त्वाचं नाही. गुणवत्ता यादीत माझं नाव थोडक्यात हुकलं, असं मी इंग्लंडमध्ये सांगतो. इथे पडताळून पाहणारं कोणी नाही.

तर असा मी नोकरीच्या निमित्तानं रेडिंगला येऊन राहिलो, आणि यथावकाश आमची कन्या सोळा वर्षांची होऊन सिक्स्थ फॉर्मला पोचली. इंग्लंडमधली ही अकरावी-बारावी. इयर ट्वेल्व्ह, इयर थर्टीन आणि शेवटी १९५१ पासून चालत आलेली ए-लेव्हलची परीक्षा. मी बाह्या सरसावल्या. इतकी वर्षं या घरात माझं मत फक्त वायफाय बंद पडल्यावर विचारलं जायचं. आता खरे दिवस येणार होते.

कारण आपल्याकडे बारावीला एकटं मूल बसत नाही, अख्खं घर बसतं. आई रजा टाकते. टीव्हीवर चादर पडते. आजोबांना खोकला आला तर ते गच्चीवर जाऊन खोकतात. लांबचे काका हॉलतिकिटावरचा नंबर डायरीत उतरवून घेतात. बापाचं काम तर ठरलेलंच. केंद्राबाहेर उन्हात उभं राहायचं, पोलिसांनी शंभर मीटर मागे हटवलं की शंभर मीटर मागे जाऊन उभं राहायचं, आणि पोरगं बाहेर आलं की पाणी द्यायच्या आधी विचारायचं, “किती सुटलं?” या कामाची मी मनातल्या मनात कित्येक वर्षं तालीम केली होती.

इंग्लंडात ही जागाच मंजूर नाही, हे मात्र हळूहळू उघड होत गेलं.

पहिला सुगावा ओपन ईव्हनिंगला लागला. सिक्स्थ फॉर्मला नाव घालण्याआधी शाळा एका संध्याकाळी सगळ्यांना बोलावते. हॉलमध्ये एकेका विषयाचे शिक्षक आपापलं टेबल मांडून बसलेले असतात. मुलं त्यांच्याशी बोलतात आणि आईबाप बाजूला उभे राहून बिस्किटं खातात. मला हे माहीत नसल्यानं मी वही उघडून थेट गणिताच्या टेबलाशी गेलो आणि विचारलं, “तुमच्या शाळेचे बोर्डात किती येतात?”

“कुठल्या बोर्डात?” शिक्षकांनी नम्रपणे विचारलं.

इथे बोर्ड एक नसतं. एक्यूए असतं, ओसीआर असतं, पिअर्सन कंपनीचं एडेक्सेल असतं, वेल्समधून आलेलं एडुकास असतं. कोणत्या विषयाला कोणतं घ्यायचं ते शाळा ठरवते, आणि त्या सगळ्यांवर ऑफक्वल नावाची सरकारी संस्था नजर ठेवते. पुढे आमच्या घरी गणित एडेक्सेलचं आलं, इतिहास एक्यूएचा आणि अर्थशास्त्र ओसीआरचं. मुलगी एक, बोर्डं तीन.

“बरं, मग पहिलं कोण येतं?”

“कशात?”

“सगळ्यात.”

शिक्षक विचारात पडले. मग मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, की तसं कोणी पहिलं येत नाही. क्रमांक नसतो. टक्केही नसतात. प्रत्येक विषयाला एक अक्षर मिळतं. ए-स्टार, ए, बी, सी, डी, ई, आणि त्याखाली गेलात तर यू. ए-स्टार तर अगदी अलीकडे, २०१० मध्ये आला. ए मिळवणारे इतके वाढले होते की बड्या विद्यापीठांना त्यांच्यातून निवडायचं कसं हे कळेना. १९६३ नंतरची पंचवीसेक वर्षं मात्र ए हा वरच्या दहा टक्क्यांनाच द्यायचा, अशी वाटणी आखून दिलेली होती. ती पद्धत मला मनापासून आवडली. माणसाला आपली जागा कळते. पण मी उशिरा पोचलो होतो.

या अक्षरांआधी इथे आकडे असतात, हा आणखी एक घोळ. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत प्रत्येक विषयाला ९ ते १ यांतला एक ग्रेड मिळतो आणि ९ सर्वांत वरचा असतो. कन्येचा तो निकाल लागला तेव्हा मी बार्शीला आत्याला अभिमानानं फोन केला होता. “गणितात नऊ, इतिहासात नऊ, इंग्रजीत आठ!” पलीकडे बराच वेळ शांतता. मग आत्या हळूच म्हणाली, “होतं असं कधीकधी. पोरीला बोलू नकोस हं काही. ऑक्टोबरला बसव परत.”

विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी यादी तयारच ठेवली होती. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि जोडीला फर्दर मॅथ्स. चौथा विषय घेणारी मुलं असतात, पण रिवाज तीनचा. जीसीएसईला नऊ-दहा विषय शिकलेलं मूल अचानक तीनवर येतं, आणि उरलेल्या वेळाला वेळापत्रकात ‘फ्री पीरियड’ असं राजरोस छापलेलं असतं. आमच्या लातुरात फ्री पीरियड मिळाला असता तर सरांनी तिथेही क्लास लावला असता.

“गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र,” कन्या म्हणाली.

“म्हणजे सायन्स की आर्ट्स?”

“बाबा, इथे तसं नसतं.”

खरंच नसतं. गणिताला इतिहासाशेजारी बसवलं म्हणून कोणी नावं ठेवत नाही. मी फॉर्म मागून घेतला. त्यात पालकाच्या सहीला जागा होती, पण ती ‘वाचलं’ एवढ्यापुरती. मी सही जरा मोठी केली.

इयर ट्वेल्व्ह मला ओळखीचं वाटलं, कारण आपल्याकडेही अकरावी कोणी मनावर घेत नाही. इथे तर त्याला सरकारी आधार आहे. पूर्वी ए-लेव्हलचे तुकडे पाडून थोडे जानेवारीत, थोडे जूनमध्ये असे पेपर देता यायचे. मायकेल गोव्ह शिक्षणमंत्री असताना ते मोडीत निघालं. २०१५ पासून एकेक विषय नव्या साच्यात गेला आणि दोन वर्षांचा सगळा हिशोब शेवटच्या उन्हाळ्यावर आला. म्हणजे पहिल्या वर्षी बोर्डाची भीती नाही. ही कमतरता भरून काढायला मी घरीच तिची इतिहासाची उजळणी घ्यायचं ठरवलं.

तिच्या अभ्यासक्रमात १४८५ ते १६०३ चे ट्यूडर राजे होते. मी तिचं पुस्तक चोरून वाचलं आणि आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांचा क्रम, कोणाला सोडलं आणि कोणाचं मुंडकं उडवलं यासह, पाठ करून टाकला. जेवताना मी विचारलं, “पाचवी?”

“पाचवी काय?”

“राणी. कॅथरिन हॉवर्ड. १५४२. शिरच्छेद. एक गुण गेला तुझा.”

तिनं शांतपणे मला पेपर दाखवला. त्यात तारखा विचारलेल्याच नव्हत्या. एक लांबलचक विधान दिलेलं होतं आणि खाली प्रश्न होता, हे तुम्हाला कितपत पटतं? पंचवीस गुण.

मी हबकलो. बोर्ड मुलांना मत विचारतं? आम्हाला बोर्डानं ‘कारणे द्या’ म्हटलं की आम्ही चार गुणांना चार कारणं देत होतो. ती पटतात का असं ना त्यांनी विचारलं, ना आम्ही सांगितलं. “मग यात बरोबर उत्तर काय?” मी विचारलं. “पुरावा नीट दिलास तर कुठलंही,” ती म्हणाली. त्या दिवसापासून उजळणी बंद पडली.

त्यातच तिनं ईपीक्यू घेतलं. हा ए-लेव्हलच्या जोडीनं करायचा स्वतंत्र प्रकल्प. विषय मुलानं स्वतः शोधायचा, सुमारे पाच हजार शब्दांचा प्रबंध लिहायचा, काय वाचलं आणि कुठे अडलो याची नोंदवही ठेवायची आणि शेवटी लोकांसमोर उभं राहून सगळं मांडायचं. याचं मोल अर्ध्या ए-लेव्हलएवढं. मी तिला अणुऊर्जा सुचवली. तिनं कोल्हापुरी चप्पल निवडली. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला सोलापूर जिल्हाही आहे, तर त्याचा कारागिराला फायदा किती, असा तिचा प्रश्न होता. “चपलांवर पाच हजार शब्द?” मी म्हणालो. “त्यापेक्षा गणिताची पाच हजार उदाहरणं सोडव.” तरी बापाचं काळीज. मांडणीच्या दिवशी दाखवायला मी बार्शीहून आत्याकडून अस्सल जोड मागवून दिला. माझ्या मापाचा मागवला, म्हणजे नंतर वाया जायला नको. प्रबंध मात्र वाचायचा राहून गेला.

इयर थर्टीन उजाडलं आणि इथल्या व्यवस्थेची खरी गंमत समोर आली. आपल्याकडे आधी परीक्षा, मग निकाल, मग प्रवेशासाठी धावाधाव. इथे आधी प्रवेशाची बोलणी, मग परीक्षा. विद्यापीठांचे अर्ज यूकॅस नावाच्या एकाच संस्थेमार्फत जातात. जास्तीत जास्त पाच ठिकाणी अर्ज करता येतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी मागता येत नाही, आणि या दोघांची व वैद्यकीयची मुदत ऑक्टोबरच्या मध्यालाच संपते. परीक्षा झालेलीच नसताना विद्यापीठ ठरवतं कशावरून? तर शिक्षकांनी वर्तवलेल्या भाकितावरून. प्रेडिक्टेड ग्रेड. पोरीच्या परीक्षेला आठ महिने आहेत आणि तिला काय पडणार ते सरांना आजच माहीत आहे. तिच्या कागदावर लिहिलं होतं: इतिहास ए, गणित ए, अर्थशास्त्र बी.

भाकीत म्हटल्यावर ते बदलून घेता येतं, हे आपल्याकडचा कोणीही माणूस सांगेल. मी पालकसभेची वाट पाहू लागलो. ती निघाली ऑनलाइन. एका शिक्षकाला पाच मिनिटं, पडद्याच्या कोपऱ्यात उलटी मोजणी. मी अर्थशास्त्राच्या बाईंना आधी हवापाणी विचारलं, मग लातूर पॅटर्न समजावून सांगितला, मग आमच्या घराण्यात अर्थशास्त्राची परंपरा आहे हे सांगून कापसाच्या अडत्यांपर्यंत आलो. “तेव्हा मॅडम, त्या बीचं जरा...” एवढं म्हणालो आणि वेळ संपून पडदा काळा झाला.

त्या भाकितांवर अवघ्या देशाचं काय होऊ शकतं हे २०२० साली दिसलं होतं. कोविडमुळे परीक्षाच रद्द झाल्या. शिक्षकांनी ग्रेड कळवले, आणि ते सढळ हातानं दिले असतील या शंकेनं ऑफक्वलनं शाळांच्या जुन्या निकालांवर बेतलेलं एक गणिती सूत्र त्यांच्यावर चालवलं. इंग्लंडमधले चाळीस टक्क्यांच्या आसपास ग्रेड खाली आले. न लिहिलेल्या पेपरात गुण कमी पडलेली मुलं फलक घेऊन रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारनं माघार घेऊन शिक्षकांचेच ग्रेड मान्य केले. मी तेव्हा बातम्या बघताना हसलो होतो. बाईंचा पडदा काळा झाल्यावर मला त्या सूत्राबद्दल आपुलकी वाटू लागली.

मग पर्सनल स्टेटमेंट. मला हाच विषय का शिकायचा, हे ४,००० अक्षरांत सांगायचं, आणि दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा अक्षर म्हणून धरायची. (त्यानंतरच्या वर्षीपासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आले.) मी एका बैठकीत तिचं निवेदन लिहून काढलं. सुरुवात कौटिल्यापासून केली. दादाभाई नौरोजी, बाबासाहेबांचा रुपयावरचा ग्रंथ असं करत मी जेमतेम माझ्या वडिलांपर्यंत आलो तेव्हा अक्षरं संपली. तिचं स्वतःचं काही त्यात यायचं राहिलं होतं. तिनं ते वाचलं, “छान आहे, तू अर्ज कर,” म्हणाली आणि स्वतःचं वेगळं लिहून पाठवलं.

ऑफर आल्या. त्याही अटींच्या: ए, ए, बी मिळवलेत तर या. आलेल्यांतून मूल दोनच हातात ठेवू शकतं. एक फर्म आणि एक इन्शुरन्स. फर्म म्हणजे मनात भरलेलं स्थळ, आणि ते फिस्कटलंच तर म्हणून होकार-नकार लांबवत ठेवलेलं दुसरं स्थळ म्हणजे इन्शुरन्स. दुसऱ्याची अट थोडी सैल असेल असं पाहायचं असतं. मी बारीकसारीक चौकशीसाठी यूकॅसला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, की अर्जदारानं आपल्या वतीनं बोलायला तुम्हाला नेमलं आहे का? तशी सोय आहे, अर्जात एका व्यक्तीचं नाव देता येतं. मी म्हटलं, दिलंच असेल, मी बाप आहे. तिनं पाहिलं. तिथे आईचं नाव होतं.

अशा रीतीनं सर्व दरवाजे बंद झाल्यावर मी मागच्या दारानं परीक्षेत शिरायचं ठरवलं.

त्याच वसंतात माझ्या कंपनीनं ‘पुनर्रचना’ केली होती आणि माझे दिवसच्या दिवस मोकळे झाले होते. इथल्या शाळा-कॉलेजांना मे-जूनमध्ये सुपरवायझर लागतात. शिक्षक स्वतःच्या विषयाच्या पेपरला उभे राहू शकत नाहीत, म्हणून निवृत्त मंडळी, गृहिणी, माझ्यासारखे पुनर्रचित, यांना तासांवर घेतात. कन्येच्या शाळेत तर मला कोणी उभं केलं नसतं, नातेवाईक म्हटल्यावर तसं आधीच जाहीर करावं लागतं. मी दुसऱ्या एका कॉलेजात अर्ज केला. पोलिसांकडची पार्श्वभूमी तपासली गेली, प्रशिक्षण झालं, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र आलं. त्यावरच्या फोटोत मी अत्यंत कर्तव्यकठोर दिसतो.

नियम जॉइंट कौन्सिल फॉर क्वालिफिकेशन्सचे. सगळ्या बोर्डांना मिळून तेच लागू. दोन खुर्च्यांच्या मध्यांत किमान सव्वा मीटर अंतर. तीस मुलांमागे एक सुपरवायझर. कंपासपेटी पारदर्शक, पाण्याच्या बाटलीचं लेबल फाडलेलं, कॅल्क्युलेटरचं झाकण काढलेलं, मनगटावर घड्याळ नाही. भिंतीवरचं घड्याळ सर्वांना दिसलं पाहिजे. प्रश्नपत्रिकांचं पाकीट फोडण्याआधी दुसऱ्या माणसानं तारीख, वेळ आणि पेपर बरोबर आहे ना हे तपासायचं. सुपरवायझरनं वाचायचं नाही, लिहायचं नाही, फोन बाळगायचा नाही, प्रश्नाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आणि आमच्या एक्झाम्स ऑफिसर बाईंनी तोंडी बजावलं, की बुटांचा आवाज होता कामा नये.

हे शेवटचं मी फार मनावर घेतलं. माझ्या बुटांच्या टाचा टकटक वाजतात. मी घरातली सगळी पादत्राणं डोळ्यांसमोर आणली. सपाट, टाच नसलेलं, मऊ चामड्याचं असं एकच होतं.

पेपर गणिताचा होता. मोठा हॉल, शंभरावर मुलं, पेनांची कुरकुर तेवढी ऐकू येते आहे. माझी जागा मागच्या दाराशी. पहिला तासभर मी तसूभरही हललो नाही. मग अगदी पुढच्या रांगेत, दुसऱ्या टोकाला, एका मुलीनं हात वर केला. तिला पुरवणी हवी होती. मी पुरवण्यांचा गठ्ठा घेतला आणि पाऊल टाकलं.

कर्र.

नव्या कोल्हापुरीचा आवाज ज्यानं ऐकला आहे त्याला पुढचं सांगायला नको. कर्र, कर्र, कर्र. पाचव्या पावलाला अर्ध्या हॉलनं मान वर केली. मी थांबलो. आवाज थांबला. मुलीचा हात अजून वर होता. मी टाचा उचलून चवड्यांवर चालून पाहिलं, तेव्हा आवाज बारीक झाला पण लांबला. शेवटी मी परीक्षार्थींचं हित लक्षात घेऊन चपला काढल्या, काखेत मारल्या आणि अनवाणी पुढे जाऊन पुरवणी दिली. मुलीनं आधी माझ्या पायांकडे, मग काखेकडे पाहिलं आणि पुरवणी घेतली.

परत येईपर्यंत दारात एक्झाम्स ऑफिसर बाई उभ्या होत्या. अनवाणी सुपरवायझर आरोग्य आणि सुरक्षिततेच्या नियमात बसत नाही, असं त्यांनी बाहेर नेऊन कुजबुजत्या आवाजात सांगितलं. चपला घालायच्या तर वाजतात, काढायच्या तर नियम मोडतो. त्यांनी घडलेला प्रकार नोंदवहीत लिहिला आणि मला एका छोट्या खोलीत बसवलं, जिथे पंचवीस टक्के जादा वेळ मंजूर असलेला एकच मुलगा लॅपटॉपवर पेपर लिहीत होता. “कृपा करून उठू नका,” त्या म्हणाल्या. उरलेला पूर्ण मोसम मी त्या खोलीत काढला.

घरी येऊन मी चपलेला शिव्या घातल्या तर कन्या म्हणाली, “प्रबंधात आहे की ते. काही कारागीर गिऱ्हाइकाच्या हौसेखातर मुद्दाम वाजणारी चप्पल बनवतात. वाचला होतास ना तू?”

१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार. निकालाचा दिवस. इथे विद्यापीठात प्रवेश पक्का झाला हे यूकॅसवर सकाळी दिसतं, आणि त्यात ग्रेड नसतात. म्हणजे प्रवेश मिळाला हे आधी समजू शकतं आणि कशावर मिळाला हे नंतर. मी रात्रीच क्लिअरिंगची तयारी करून ठेवली होती. फर्म आणि इन्शुरन्स दोन्ही हुकले तर विद्यापीठांच्या रिकाम्या जागांसाठी फोन लावायचे असतात. मी नंबरांची यादी भिंतीवर डकवली होती आणि आरशासमोर कन्येचा आवाज काढायचा सराव करत होतो, कारण विद्यापीठं थेट विद्यार्थ्याशीच बोलतात. ती दात घासत बाहेर आली, फोनकडे पाहिलं, “फर्ममध्ये मिळालं,” म्हणाली आणि चूळ भरायला गेली.

ग्रेड मागाहून आले. इतिहासात ए-स्टार, गणितात ए, अर्थशास्त्रात बी. अर्थशास्त्राच्या बाईंचं भाकीत तंतोतंत निघालं.

मी अंगणात आलो. कुंपणापलीकडे शेजारचा मुलगा निकाल घेऊन उभा होता. यानं ए-लेव्हल केलंच नव्हतं. यानं टी-लेव्हल केलं, २०२० पासून निघालेलं. दोन वर्षं एकच धंद्याचा विषय आणि त्यात किमान ३१५ तास प्रत्यक्ष कामावर. इमारतीतल्या नळ-हीटिंगचं शिकायला गेला तेव्हा मी त्याच्या आईचं सांत्वन केलं होतं. त्याला डिस्टिंक्शन मिळालं होतं. “यूकॅसचे १४४ पॉइंट!” तो म्हणाला.

मी आत येऊन तक्ता उघडला. ए-स्टारला ५६, एला ४८, बीला ४०. बेरीज १४४. दोघं बरोबरीत. त्याला एका बॉयलर कंपनीत नोकरीसुद्धा लागली होती.

तेवढ्यात बार्शीहून आत्याचा फोन. “किती टक्के?”

“आत्या, इथे टक्के नसतात. एकशे चव्वेचाळीस.”

“अगं बाई, एकशे चव्वेचाळीस? म्हणजे तिथंही जमावबंदी लागते का परीक्षेला?”

“पॉइंट, आत्या. पॉइंट.”

“कितीपैकी?”

तीन ए-स्टार मिळाले तर १६८. मी मनात भागाकार केला. पंच्याऐंशी पूर्णांक काहीतरी. आत्याच्या समोरच्या घरातल्या पोराला बारावीला चौऱ्याण्णव आहेत, हे मला पाठ होतं. सगळी लातुरी तपश्चर्या अंगात उसळून आली. आणि त्या क्षणी मला चपला आठवल्या. ईपीक्यू! त्यात तिला ए होता. यूकॅसच्या तक्त्यात ईपीक्यूच्या एला २४ पॉइंट. एकशे चव्वेचाळीस आणि चोवीस.

“आत्या,” मी म्हणालो, “आम्हाला एकशे अडुसष्टपैकी एकशे अडुसष्ट.”

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला. मग आतेभाऊ फोनवर आला. तो नगरपालिकेच्या निवडणुकीच्या तयारीत असतो, कायम. “दादा, लगेच फोटो पाठव.” कन्येनं फोटो द्यायला साफ नकार दिला. या देशात अठराव्या वर्षी माणसाला नकार देता येतो. घाईत हाताशी होता तो मी पाठवून दिला, ओळखपत्रावरचा.

दुसऱ्या दिवशी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फ्लेक्सचा फोटो आला. भर चौकात, सोळा फुटी. मध्यभागी निळी फीत गळ्यात घातलेला कर्तव्यकठोर मी. वर अक्षरं: ‘बार्शीचे सुपुत्र! लंडन बोर्डात १६८ पैकी १६८! हार्दिक अभिनंदन!’ डोक्यावर दोन्ही बाजूंनी आमदार, आजी आणि माजी. खाली आतेभाऊ, हात जोडून.

कन्येनं तो फोटो बराच वेळ पाहिला. “बाबा, यात मी कुठाय?”

मी फोटो मोठा करून शोधलं. होतं तिचं नाव. अगदी खाली, शुभेच्छुकांच्या यादीत.